गळालेल्या मोसंबीचा हिशेब

जालना, अंबड, घनसावंगीच्या पट्ट्यात मोसंबीची फळगळ हे दरवर्षीचे दुखणे आहे. आंबे बहाराची सुपारीएवढी फळे उन्हाच्या तडाख्याने खाली येतात आणि ती बागेत कुजू दिली तर बुरशी बळावते, म्हणून गोळा करून नष्ट करा, असा सल्ला दिला जातो. बागेच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण चीनच्या अधिकृत औषधसंहितेत ‘झी-शी’ नावाचे एक औषध आहे. मे-जूनमध्ये आपोआप गळालेली कडू संत्र्याची किंवा गोड संत्र्याची कोवळी फळे वाळवून ते तयार करतात, आणि आपली मोसंबी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने याच गोड संत्र्याच्या जातीत मोडते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जालन्याच्या मोसंबीचे गळालेले फळ एकदा प्रयोगशाळेत नीट तपासले गेले पाहिजे, आणि त्वचेच्या व आरोग्याच्या नावाने काही विकायचे असेल तर ते या तपासणीनंतरच, असे माझे म्हणणे आहे.

कोवळ्या मोसंबीत असते ते उपयोगी द्रव्य मुख्यतः हेस्पेरिडिन. लेब्रेतों या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८२८ मध्ये संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या गरातून ते वेगळे केले. फळ पोसत जाते तसे वजनाच्या मानाने त्याचे प्रमाण घटते, म्हणजे शेतकऱ्याला ज्याची किंमत शून्य, त्याच फळात ते सर्वांत दाट. काढण्याची रीतही अवघड नाही: चुन्याच्या निवळीसारख्या अल्कधर्मी पाण्यात ते विरघळते आणि आम्ल घातले की खाली बसते. त्याच्या गुणांविषयी मात्र जपून बोलावे लागते. १९३६ मध्ये शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी लिंबूवर्गीय फळांतल्या अशा द्रव्यांना ‘जीवनसत्त्व पी’ म्हटले आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. तरीही या द्रव्यांच्या अभावाने होणारा आजार सिद्ध झाला नाही आणि १९५० च्या दशकात ते नाव सोडून द्यावे लागले. टिकले ते मोजून पारखलेले: मूळव्याध आणि पायांच्या फुगलेल्या शिरांसाठी ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन (त्याच जातकुळीतले द्रव्य) व ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असलेली गोळी आज डॉक्टर लिहून देतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत ४ आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस घेतल्यावर खालचा रक्तदाब थोडा उतरला. पण त्यात सहभागी पुरुष होते फक्त २४, त्यामुळे ती आशा वाढवते, निकाल देत नाही.

त्वचेच्या बाबतीत तर दावे पुराव्याच्या फार पुढे गेले आहेत. सालीची पूड लावली की ‘क’ जीवनसत्त्व मिळते, असे पाकिटांवर छापतात. उन्हात वाळवताना आणि साठवताना त्यातले बरेचसे नष्ट होते. जे उरते तेही नुसत्या लेपातून त्वचेत फारसे शिरत नाही. हेस्पेरिडिनचीही तीच गत, ते पाण्यात जेमतेम विरघळते. सालीच्या तेलातले लिमोनीन हवेशी संयोग पावून काहींच्या त्वचेवर ॲलर्जी उठवते, म्हणून युरोपात ठरावीक प्रमाणापलीकडे ते असेल तर वेष्टनावर लिहावेच लागते. कोणी म्हणेल, उटण्यात साल पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते, तिला कसला पुरावा? लावून लगेच धुऊन टाकायच्या उटण्याबद्दल माझी तक्रार नाही. डाग जातील, वय दिसणार नाही, असे सांगून पैसे घेतले की पुरावा देणे विकणाऱ्याचे काम होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेतकऱ्याला यंदाच भाव हवा, संशोधनाला वर्षे लागतात, आणि हेस्पेरिडिन तर चीनमधले कारखाने ढिगाने बनवतात. खरे आहे, आणि म्हणूनच नुसती पूड विकून जालन्याचे भले होणार नाही. ग्राहक कंपनी विचारणार ते प्रमाण किती आणि अवशेष किती. फळगळ थांबवायला बागेत संजीवके फवारतात, वर बुरशीनाशके आणि कीटकनाशके. अर्क काढताना त्यातले काय मागे राहते आणि काय दाट होते, हे मोजल्याशिवाय तो माल माणसाच्या पोटात किंवा चेहऱ्यावर जाऊ देणे मला मान्य नाही. ही मोजणी करायला दूर जायला नको. बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यातच आहे. एकाला झाड कळते, दुसऱ्याला अर्क. दोघांनी मिळून एका आंबे बहाराची गळ, मोसंबीच्या न्यूसेलर वाणाची, फवारलेल्या आणि न फवारलेल्या बागांतली, आठवड्या-आठवड्याने तपासावी आणि आकडे, चांगले निघोत की वाईट, बागायतदारांसमोर मराठीत ठेवावेत.