मरला, पाना आणि मिलिमीटर

चंडीगडच्या सेक्टर ३२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे आलेली आई मुलाला '१०२ ताप' असल्याचे सांगते. हा आकडा फॅरनहाइटचा. औषधाची मात्रा मात्र मुलाच्या किलोग्रॅममधील वजनावरून मिलिग्रॅममध्ये ठरते. सुई २२ गेजची मागवली जाते. गेज ही तारेच्या जाडीची जुनी इंग्रजी मोजणी; तिच्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. रुग्णालयाबाहेर घराची चौकशी केली, तर उत्तर मरला आणि कनालमध्ये मिळते.

भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याला सहा दशके उलटूनही ही सरमिसळ टिकली, याचा दोष विज्ञानप्रेमी मंडळी लोकांच्या सवयीला देतात. हे निदान उथळ आहे. एकक जुने असल्याने अपघात होत नाही. चुकीचा आकडा बरोबर भासतो, तेथे तो होतो.

१०२ ताप कोणी सेल्सिअस समजणार नाही. त्या तापमानाला समुद्रसपाटीवर पाणी उकळून गेलेले असते. येथे चूक स्वतःच ओरडून सांगते. याउलट गॅरेजमधला पाना पाहावा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंची डोक्याच्या बोल्टवर १३ मिलिमीटरचा पाना बसतो, फिरतोही. घट्ट बोल्टवर जोर लावला, की तीन दशांश मिलिमीटरच्या त्या सैलपणाने बोल्टचे कोपरे झिजतात. आट्यांची गोष्ट याहून वाईट. १२ मिलिमीटरच्या सर्वसाधारण मेट्रिक बोल्टवर दोन आट्यांतील अंतर १.७५ मिलिमीटर असते. अर्ध्या इंची व्हिटवर्थ नटात इंचाला १२ आटे, म्हणजे सुमारे २.१२ मिलिमीटर. बोल्ट एकदोन वेढे आत जातो आणि अडकतो. गंज असेल अशा समजुतीने कारागीर जोर लावतो आणि आटे जातात. त्यात 'सूत' हे इंचाच्या आठव्या भागाचे माप तीन मिलिमीटर धरण्याची रीत. मग चार सूत बारा मिलिमीटर होतात आणि अर्धा इंच हिशेबातून निसटतो.

जमिनीत हीच चूक महागात पडते. मरला म्हणजे नऊ चौरस करम, आणि करम ही पावलांवर बेतलेली लांबी. करम साडेपाच फुटांचा धरला तर मरला २७२.२५ चौरस फुटांचा. पाच फुटांचा धरला तर २२५ चा. चंडीगडमध्ये दुसरा हिशेब चालतो. दहा मरल्यांमध्ये ४७२.५ चौरस फुटांचा फरक पडतो, म्हणजे दोन-तीन खोल्या नाव न बदलता नाहीशा होतात. शहराचा सर्वसाधारण सेक्टर ८०० बाय १२०० मीटरचा आखला गेला. शिवाय तो आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने आपल्या 'मोड्युलॉर' या मापनपद्धतीत सहा फुटी माणूस घेऊन फूट आणि मीटर यांचा मेळ घालू पाहिला होता! भूखंडापर्यंत तो मेळ पोहोचला नाही.

महाराष्ट्रात गुंठ्याने असा घोळ घातला नाही, कारण तो ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा स्थिर आहे. तोळ्याचे उदाहरण आणखी बोलके. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, दहाच्या जवळचा आणि म्हणूनच फसवा. मराठी घरांत आजही तोळाच बोलला जातो, पण सराफाचा काटा दहा ग्रॅम दाखवतो. शब्द राहिला, त्याचे मूल्य ग्रॅमला बांधले गेले. इंचाचेही तसेच झाले: १९५९ पासून तो नेमका २५.४ मिलिमीटर आहे.

मरल्यालाही हीच वागणूक हवी. बोलण्यातून त्याला हाकलण्याचे कारण नाही. जाहिरातीत आणि सौद्याच्या पहिल्या कागदावर त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, चौरस मीटर लिहिणे बंधनकारक करावे. गॅरेजमध्ये तर कायद्याचीही गरज नाही: इंची पाने एका खणात, मिलिमीटरचे दुसऱ्यात.