गार्ड बांधून ठेवणं ही बचत नाही

फर्निचरच्या धंद्यात उतरताना सुरुवातीच्या खरेदीत ७ इंची सर्क्युलर सॉ असतेच. आणि पहिली चूक? खालचा गार्ड तारेनं वर बांधणं. माझ्या दुकानातही हेच चालायचं. एकदा प्लाय कापताना ब्लेड अडकलं, मशीन झटक्यात मागे आलं आणि कारागिराची पँट मांडीवर फाटली. थोडक्यात वाचला. त्याच संध्याकाळी मी ती तार तोडून टाकली.

माझं स्पष्ट मत आहे, सुरक्षितता हा धंद्याच्या हिशेबाचाच भाग आहे. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते अडकतं. म्हणून धार लावण्याचा खर्च कोटेशनमध्येच धरा. १८ मिमी प्लाय कापताना ब्लेड खाली ५ मिमीच बाहेर येऊ द्या. ब्लेड बदलताना, साफ करताना प्लग काढलेलाच हवा. डोळ्यांवर चष्मा हवा, सैल बाह्या नकोत. रोज सकाळी प्लग काढून गार्ड हातानं वर करा आणि सोडा. झटकन बंद झाला नाही तर भुसा साफ करा, स्प्रिंग बघा. तोवर काम बंद.

पाच मिनिटं वाचवायला गेलात आणि कारागीर महिनाभर घरी बसला, तर ऑर्डर कोण पूर्ण करणार? विचार करा.