पिल्लू घरी येण्याआधी

मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्या दवाखान्यांत लॅब्रॅडॉरची पिल्ले दिसू लागतात. पहिल्या लसीला आलेले पिल्लू पुष्कळदा जेमतेम चाळीस दिवसांचे असते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांची मनाई आहे, हे त्या कुटुंबाला कुणी सांगितलेलेच नसते. सांगणार कोण? आपणच. पण आपली गाठ पडते ती पिल्लू घेऊन झाल्यावर.

लॅब मुलांत रमतो, माणसांचा लोभी असतो, हे खरेच आहे. पण न्यूफाउंडलंडच्या गार पाण्यातून कोळ्यांची जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. पुढे ब्रिटनमध्ये शिकार उचलून आणण्यासाठी तो घडवला गेला. दिवसभर राबण्याची ताकद असलेल्या या जनावराला रात्री जेवणानंतर सोसायटीभोवती एक फेरी कशी पुरणार? मग सोफा फाडला, चपला कुरतडल्या अशा तक्रारी सुरू होतात आणि वर्षा-दीड वर्षाने प्रश्न येतो, “डॉक्टर, कुणी सांभाळणारं आहे का?”

म्हणून पिल्लू घेण्याआधीचा सल्ला हा आपल्या कामाचाच भाग मानावा आणि त्याची रीतसर फी घ्यावी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहाटे फिरवणार कोण? दुपारी घरी कोण असते? तीस किलोचा कुत्रा आजोबांना आवरेल का? उत्तरे डळमळीत असतील, तर स्पष्ट नाही म्हणावे आणि एखादा शांत, वयात आलेला देशी कुत्रा सुचवावा. आपल्या उन्हाळ्यालाही तो सरावलेला असतो.

पिल्लू आलेच, तर दोन गोष्टींवर आपण ठाम राहायला हवे. पहिली, कॅल्शियमची बाटली. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला आतड्यातून होणारे कॅल्शियमचे शोषण पुरेसे आवरता येत नाही. संतुलित खाद्यावर वरून दिलेले कॅल्शियम त्याच्या वाढत्या हाडांना आणि सांध्यांना बाधते. तरीही ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून ते सर्रास लिहून दिले जाते. हे थांबले पाहिजे.

दुसरी, वजन. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर आठ आठवड्यांच्या वयापासून आयुष्यभर पाहिले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे मिळाले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. त्यांचे सांधेही उशिरा दुखू लागले. आपल्याकडचे कुठले औषध लॅबला पावणेदोन वर्षे जास्त देते? त्यात २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना सुमारे पाव लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला. ‘तो सारखा मागतो हो’ म्हणणाऱ्या आजींना हे जरूर सांगावे. चहाबरोबरची बिस्किटे बंद करणे त्यांना सोपे जाईल.

फासळ्या मालकाच्याच हाताने चाचपून दाखवाव्यात. न दाबता बोटांना लागल्या, तर वजन ठीक. शोधाव्या लागल्या, तर त्याच दिवशी खाणे मोजून ठरवून द्यावे.

दवाखान्यात मोठ्या कुत्र्यांचा वजनकाटा नसेल, तर या महिन्यात आणा. आणि लसीकरणाच्या कार्डावर प्रत्येक भेटीला लसीच्या तारखेशेजारी वजन लिहा.