बोल कुणाला लावायचा?



सुरगाण्याच्या डोंगरात दरसाल धो धो पाऊस पडतो. नार-पारचे पाणी पश्चिमेला वाहून जाते आणि उन्हाळ्यात पाड्यावरची बाई हंडा घेऊन दरीत उतरते. देवाने द्यायचे ते दिले. ते थांबले नाही, हा देवाचा दोष नव्हे.

याच सुरगाण्याच्या आदिवासींनी २०१८ साली एक धडा घालून दिला. बापजाद्यांनी कसलेली वनजमीन नावावर नाही, हे कपाळीचे लिहिलेले म्हणून ते गप्प बसले नाहीत. ६ मार्चला हजारो शेतकऱ्यांबरोबर ते नाशिकहून निघाले आणि सुमारे १८० किलोमीटर चालून १२ मार्चला मुंबईत पोचले. दहावीची परीक्षा चालू होती. पोरांना त्रास नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रातोरात मारली. सरकारने लेखी आश्वासन दिले. ते पुरते पाळले नाही, म्हणून २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा चालावे लागले. सरकारकडे मागणी ठणकावून केली, पण आपली जबाबदारी दुसऱ्यावर टाकली नाही.

आता आपल्या कोरडवाहू रानाकडे वळू. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली. आपण म्हणालो, दैव फिरले. पण डिसेंबरनंतर फरदड कुणी ठेवली? चार वेचे जादा मिळतील म्हणून उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीवर अळीला बारमाही जेवण मिळाले. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांतल्या किडक्या बोंडांत ती सुप्त राहिली आणि पुढच्या हंगामाला हजर झाली. बीटीच्या पाकिटाबरोबर आलेली बिगर-बीटीची पुडी किती जणांनी पेरली आणि किती जणांनी फेकून दिली? ज्याचे त्याने मनाशी उत्तर द्यावे.

कुणी म्हणेल, तुम्ही शेतकऱ्यालाच आरोपी करता. तसे नाही. भाव पाडणारे धोरण आपण ठरवत नाही. बोगस बियाणे, रखडलेला विमा, पडलेला भाव यांचा जाब सरकारला आणि कंपन्यांना विचारायचाच. पण ज्याचे स्वतःचे रान साफ आहे त्याचा जाब जड पडतो. फरदड ठेवणाऱ्याने भरपाई मागितली की साहेब त्याच्याच पऱ्हाटीकडे बोट दाखवतो.

आणखी एक. अळीला बांध कळत नाही. एकट्याने रान साफ केले आणि शेजाऱ्याने पऱ्हाटी उभी ठेवली, तर दोघेही बुडतात. म्हणून हे काम गावाने मिळून करायचे. कपाशी वेळेत मोडायची, रानात शेळ्या-मेंढ्या सोडायच्या, पऱ्हाट्या बांधावर रचायच्या नाहीत. कपाशी असो की ज्वारी, पेरणी उताराला आडवी करायची, म्हणजे पडलेला थेंब रानातच मुरेल. याला सरकारचा हुकूम लागत नाही आणि नवसही लागत नाही.

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणणाऱ्याच्या खाटल्यावर आजवर सावकारच येऊन बसला आहे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एवढेच सांगावे: आमच्या शिवारात फरदड नाही. मग भावाची मागणी आपण ताठ मानेने करू.