ज्वाळांत दिसलेलं विंटरफेल

'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतल्या, आगीत भविष्य पाहणाऱ्या मेलिसांड्रेला भोंदू ठरवून मोकळे होणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ती भोंदू असती तर तिचा निवाडा सोपा होता. तिला आगीत जे दिसतं ते खरोखर दिसतं, आणि म्हणूनच मला तिची अधिक भीती वाटते.

पाचव्या सीझनमध्ये ती राजसिंहासनावर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिस बराथियनला सांगते, विंटरफेलच्या तटावरून मी चालतेय आणि बोल्टनांची निशाणं खाली आली आहेत, असं ज्वाळांनी मला दाखवलंय. त्या भरवशावर स्टॅनिस भर बर्फात कूच करतो आणि बोल्टन त्याच्या फौजेचा धुव्वा उडवतात. पुढच्या सीझनमध्ये मात्र तीच निशाणं उतरतात आणि मेलिसांड्रे त्याच तटावर उभी असते. जिंकलेला असतो जॉन स्नो. तिने सांगितलेलं दृश्य पुन्हा ऐका, त्यात स्टॅनिस कुठेच नाही. त्याला तिथे उभं केलं ते तिच्या इच्छेने.

जॉर्ज मार्टिन यांच्या २०११ साली आलेल्या पाचव्या कादंबरीत एक प्रकरण तिच्या नजरेतून लिहिलेलं आहे. तिला आगीत मरणाला टेकलेल्या घोड्यावरची एक मुलगी दिसते. ती जॉनची बहीण आर्याच, असं मेलिसांड्रे ठामपणे सांगते. येते ती ॲलिस कारस्टार्क. मुलगी खरी, घोडा खरा, नाव तेवढं तिच्या पदरचं.

शिरीनच्या बाबतीत हीच खोड जिवावर उठते. स्टॅनिसची ही मुलगी, आजाराने अर्धा चेहरा खडबडीत झालेली, पुस्तकात रमणारी. स्टॅनिसचा विश्वासू पण अडाणी असलेल्या डाव्होसला तिनेच अक्षरओळख करून दिली. डाव्होसने तिच्यासाठी लाकडाचं हरीण कोरून आणलेलं असतं. बर्फात अडकल्यावर मेलिसांड्रेच्या सांगण्यावरून शिरीनचा बळी द्यायचं ठरतं. स्टॅनिस डाव्होसला मुद्दाम दूर धाडतो, आणि मग ती पोर सैनिकांच्या रांगांमधून चालत येते. समोर चिता दिसते आणि ती बापाला हाका मारू लागते. इतका वेळ मन घट्ट करून उभी असलेली तिची आई सेलीस शेवटी धावते, तोवर उशीर झालेला असतो. दुसऱ्या दिवशी बर्फ वितळतो. मेलिसांड्रे आनंदाने स्टॅनिसकडे जाते, आणि बातमी येते की निम्मी फौज रातोरात पळाली, घोडेही गेले. सेलीसने गळफास घेतलेला असतो.

कॅरिस व्हॅन हाउटनने यानंतरची मेलिसांड्रे फार समजून केली आहे. आधीचा ताठा गेलेला, खांदे पडलेले. सहाव्या सीझनच्या सुरुवातीला, विंटरफेल जिंकण्याआधीच मारल्या गेलेल्या जॉनच्या प्रेताशेजारी ती मंत्र म्हणते ते जवळजवळ विनवणीच्या सुरात. काही घडत नाही म्हणून एकेक जण निघून जातो, ती स्वतःही जाते, आणि त्यानंतर जॉन श्वास घेतो. देवावरचा आणि स्वतःवरचा तिचा भरवसा पार ढासळलेला असतो, नेमकी तेव्हाच तिच्या हातून ही गोष्ट होते. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

त्याच सीझनच्या शेवटी डाव्होस जळलेलं हरीण तिच्याकडे भिरकावतो आणि जॉनसमोर तिला कबुली द्यायला लावतो. ती म्हणते, मी खोटं बोलले नाही, माझी चूक झाली. शिवाय शिरीनच्या आईबापांचीही संमती होती. हा बचाव मला सगळ्यात भयानक वाटतो, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तिच्या चुकीपायी किती जण गेले, या डाव्होसच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

शेवटच्या सीझनमध्ये ती आर्याला निळ्या डोळ्यांची आठवण करून देते, तिच्या हातून मृतांच्या फौजेचा म्होरक्या नाइट किंग मरतो, आणि मेलिसांड्रेचं प्रायश्चित्त झालं असं अनेकांना वाटतं. पण आर्या कुणाकुणाचे डोळे कायमचे मिटवणार, हे भाकीत तिने तिसऱ्या सीझनमध्येच केलं होतं. ते खरं ठरायला शिरीनला जाळण्याची गरज कुठे होती? पुन्हा इकडे फिरकलीस तर मी स्वतः तुला मारेन, असं डाव्होसने तिला बजावलेलं असतं. मी अजूनही डाव्होसच्याच बाजूला आहे.