गोधडी ही उपमा नव्हे

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्राला गेले होते. सकाळच्या सत्रात एका ज्येष्ठ समीक्षकांनी एका तरुण लेखिकेच्या पहिल्या कादंबरीचा निकाल एका वाक्यात लावला : ‘ही कादंबरी नव्हे, ही गोधडी आहे.’ सभागृह हसले. मीही हसले, हे आधीच कबूल करते. दुपारच्या सत्रात त्याच व्यासपीठावरून एका कवीच्या संग्रहाविषयी बोलताना दुसऱ्या वक्त्यांनी ‘ब्रिकोलाज’ हा शब्द चार-पाच वेळा वापरला. हाताशी असलेल्या, मुळात दुसऱ्याच कामासाठी घडलेल्या जुन्यापान्या वस्तूंतून नवी रचना सिद्ध करणे, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. लेव्ही-स्ट्रॉसचे नाव घेतले, १९६२ सालच्या त्याच्या ग्रंथाचा दाखला दिला. या वेळी कोणी हसले नाही. पुष्कळांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला.

परतीच्या एस.टी.त बसल्यावर माझ्या ध्यानात आले की, सकाळी जिची टिंगल झाली आणि दुपारी जिचा गौरव झाला ती गोष्ट एकच होती. एकीचे नाव पॅरिसहून आले होते आणि दुसरीचे आपल्या आजीच्या तोंडचे होते, एवढाच काय तो फरक.

मराठी साहित्यव्यवहारात गोधडी दोन प्रकारे येते. एक, शिवी म्हणून : विस्कळीत, सूत्र नसलेले, इकडून-तिकडून गोळा केलेले असे काही म्हणायचे असले की गोधडी किंवा ठिगळ हा शब्द हाताशी असतो. दुसरा प्रकार गहिवराचा : आईची ऊब, मायेचा स्पर्श, गावाकडची थंडी. पहिला प्रकार समीक्षेत आढळतो, दुसरा कवितेत आणि ललित लेखात. हे दोन्ही प्रकार परस्परविरोधी वाटतात. पण माझ्या मते ते एकाच वृत्तीचे आहेत. दोन्हींत गोधडीकडे कोणी पाहत नाही. शिवी देणाऱ्याला तिच्यात रचना दिसत नाही आणि गहिवरणाऱ्याला तिच्यात रचनाकार दिसत नाही, फक्त आई दिसते. आई काय, प्रेमाने शिवतेच! तिने कुठे काय जोडले, का जोडले, काय टाकून दिले, हे विचारण्याची गरज मग उरत नाही.

आधी शिवीचा विचार करू, कारण ती वस्तुस्थितीलाच धरून नाही. ठिगळ आणि गोधडी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ठिगळ लावण्यासाठी आधी एक अखंड वस्त्र लागते आणि ते फाटलेले असावे लागते. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपण म्हणतो तेव्हा आभाळ मूळचे असते. गोधडीला असे मूळ वस्त्र नसते. लुगडे, धोतर, सदरा, परकर यांपैकी कोणीही तिथे यजमान नसतो आणि कोणी पाहुणा नसतो. शिवाय गोधडी केवळ पृष्ठभागावर जोडलेली नसते. वरचा थर, अस्तर आणि मधले दोन-चार थर यांच्या आरपार टाका जातो, तेव्हाच ती गोधडी होते. विस्कळीत कादंबरीला हवे तर चिंध्यांचे गाठोडे म्हणा. गोधडी म्हणू नका. जिच्यात टाका सर्व थरांतून गेलेला नाही ती गोधडीच नव्हे, हे कोणतीही शिवणारी बाई सांगेल.

माझ्या मोठ्या जाऊबाई कराडला राहतात. घरात सगळे त्यांना माई म्हणतात. बँकेत नोकरी करीत असतानाच त्यांनी गोधड्या शिवायला घेतल्या. निवृत्तीनंतर ते काम वाढले. त्या विकत नाहीत, प्रदर्शने भरवीत नाहीत. नातेवाइकांत बाळ जन्माला आले की दुपटे, कोणाचे लग्न ठरले की दुहेरी गोधडी, असा त्यांचा क्रम आहे. बोहारीण दारात आली की माई तिला हात जोडतात. त्यांच्या घरातले जुने कापड स्टीलच्या डब्याच्या बदल्यात जात नाही.

त्यांच्या कामाची पद्धत मी अलीकडेच नीट पाहिली. तोवर वीस वर्षे नुसतीच पांघरली होती. कापड आधी धुऊन, खळ काढून वाळवायचे. नवे कापड न धुता जुन्याला जोडले तर पहिल्याच धुण्यात नवे आटते आणि जुन्याला ओढून फाडते. मग थर जमिनीवर अंथरायचे. कोपऱ्यांवर पाट, वरवंटा असे काही जड ठेवायचे. लांब कच्चे टाके घालून थर हलणार नाहीत असे करायचे आणि मग काठापासून आत धावदोरा. दोन ओळींत बोटभर अंतर. जुन्या लुगड्याचा पोत विरला असला तरी काठ शाबूत असतो, म्हणून काठाची चौकट करायची. लाल रंग कुठे येऊ द्यायचा आणि किती, यावर माई दोन-दोन दिवस घालवतात. चौकोन अंथरून त्या पंखा बंद करतात, लांब उभ्या राहून पाहतात, एक उचलतात, दुसरीकडे ठेवतात, पुन्हा पाहतात. कवितेतला शब्द बदलून पाहणारा कवी याहून वेगळे काय करतो, हे मला कोणी तरी समजावून सांगावे.

माईंच्या कपाटात बँकेच्या जुन्या डायऱ्यांची एक चळत आहे. प्रत्येक गोधडीची नोंद त्यांत आहे : लांबी-रुंदी, कोणते कापड कोणाचे, आरंभ कधी, शेवट कधी. आणि मध्ये जे घडले तेही आहे. गौरी बसल्या म्हणून चार दिवस खंड. नातवाची परीक्षा. गॅस संपला. चष्म्याचा नंबर बदलला, आता सुईत दोरा ओवायला धाकटीला बोलवावे लागते. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात एक गोधडी अकरा महिने चालली. त्या काळातल्या कित्येक पानांवर फक्त ‘आज टाका नाही’ एवढेच आहे. ती गोधडी माझ्याकडे आहे. तिच्या एका बाजूचे टाके लांब, तिरके, एकमेकांपासून फटकून राहिलेले आहेत. ते उसवून पुन्हा का घातले नाहीत, असे मी विचारले. माई म्हणाल्या, ‘तेव्हा तसेच पडले गं. उसवले तर ते दिवस कुठे ठेवू?’

हे ऐकताना मला सुझन ग्लॅस्पेल या अमेरिकन लेखिकेची ‘ट्रायफल्स’ ही १९१६ ची एकांकिका आठवली. तिचेच पुढे १९१७ मध्ये ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ या कथेत रूपांतर झाले. एका शेतकऱ्याचा खून झाला आहे. पत्नीवर संशय आहे. शेरीफ आणि सरकारी वकील घरभर पुरावा शोधत हिंडतात आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंना क्षुल्लक समजून हसतात. त्याच स्वयंपाकघरात बसलेल्या दोन स्त्रियांना शिवणाच्या टोपलीत अर्धवट गोधडीचे चौकोन सापडतात. सगळे टाके नेटके. एका चौकोनात मात्र ते एकाएकी वेडेवाकडे झालेले. त्या बाईच्या मनाचे काय झाले होते, हे या स्त्रिया त्या टाक्यांतून वाचतात. पुरुषांना ते लिहिलेलेच दिसत नाही. हा पाठ आपल्याकडे इंग्रजीच्या वर्गात स्त्रीवादाचा नमुना म्हणून शिकवला जातो. मराठीच्या वर्गात मात्र आपण त्या शेरीफच्या बाजूला उभे असतो.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे : हा एक छंद आहे, छान आहे, त्याला साहित्याशेजारी कशाला बसवता? या ‘छंद’ शब्दापाशी मराठीच्या अध्यापकांनी जरा थांबायला हवे. छंद म्हणजे फावल्या वेळातला विरंगुळा, हा अर्थ आपण पटकन घेतो. पण माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’ लिहिली ती फावल्या वेळच्या उद्योगांवर नव्हे. ठरावीक अंतराने येणारी, मोजलेली आणि तरीही श्वासाबरोबर बदलणारी आवर्तने म्हणजे छंद. बोटभर अंतराने जाणाऱ्या धावदोऱ्याला हा दुसरा अर्थ पहिल्याहून अधिक लागू पडतो. राहिला फावल्या वेळाचा मुद्दा. आपल्यातले किती लेखक पूर्णवेळ लेखक आहेत? बहुतेक सगळे नोकरी सांभाळून रात्री लिहितात. त्याला आपण साधना म्हणतो. माई नोकरी, स्वयंपाक आणि आजारपणे सांभाळून रात्री शिवतात. त्याला आपण विरंगुळा म्हणतो. गोधडी पुरुषाने अंगावर घेतली तेव्हाही तिचा अर्थ बदललेला आहे. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत, ते आदराने. बौद्ध भिक्खूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असते आणि त्याची आखणी मगधातल्या बांध घातलेल्या शेतांवरून केली, असे विनयपिटकात सांगितले आहे. म्हणजे तुकडे जोडण्यात विचार असतो हे आपल्या परंपरेला ठाऊक आहे. शिवणारी बाई दिसली की मात्र आपण ते विसरतो.

आता एक गंभीर आक्षेप. तो मला माझ्या एका विद्यार्थ्यानेच घेतला आणि त्याने मला पुष्कळ दिवस छळले. ‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘तुमच्या घरी गोधडी हौस आहे. आमच्या घरी वाकळ होती, कारण दुसरे काही नव्हते. तिला वास यायचा.’ हे अक्षरशः खरे आहे. दलित आणि ग्रामीण आत्मकथनांनी मध्यमवर्गाच्या गावाकडच्या गहिवराला जे उघडे पाडले, ते पुन्हा झाकण्याचा मला अधिकार नाही. गरिबीला सुंदर म्हणणे हा गरिबांचा अपमानच आहे.

पण गरजेने शिवणाऱ्या बाईला निवड नव्हती, असे गृहीत धरणे हाही तिचा अपमानच नव्हे काय? अलाबामातील जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे उदाहरण पाहा. कापसाच्या शेतांवर कूळ म्हणून राबणारी ही कुटुंबे. थंडी अडवण्यासाठी घराच्या भिंतींना वर्तमानपत्रे चिकटवलेली आणि अंगावर, झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या. गुडघ्यापाशी विरलेली विजार, खिसा होता तिथे उरलेला गडद चौकोन, हे सगळे रचनेत आलेले. २००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, तेव्हा समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या रांगेत बसवले. २००६ मध्ये अमेरिकेने त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. तिथे गरज होती आणि निवडही होती; एकीने दुसरीला पुसून टाकले नाही.

ही कथा इथेच संपवली तर ती परीकथा होईल. २००७ मध्ये तिथल्या काही स्त्रियांना हक्क आणि मोबदला यांसाठी न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी तडजोड झाली. भिंतीवर टांगून गौरव करणे आणि करणारीला तिचा वाटा देणे, या दोन गोष्टी आपोआप बरोबर येत नाहीत. ॲलिस वॉकरच्या ‘एव्हरीडे यूज’ (१९७३) या कथेतला पेच हाच आहे. शिकून शहरात गेलेल्या मुलीला आजीच्या गोधड्या भिंतीवर टांगायच्या आहेत. घरी राहिलेली बहीण त्या रोज वापरेल, पण तिला शिवताही येते. आई त्या दुसरीला देते. आपण विद्यापीठातली माणसे बहुधा पहिल्या मुलीची भावंडे असतो, हे ध्यानात ठेवून मी हे लिहीत आहे.

आपल्याकडे ओवीच्या बाबतीत हा प्रवास एकदा झालेला आहे. जात्यावरची ओवी हे बायकांचे दळण होते. आज ते लोकसाहित्य आहे. गी प्वातव्हँ, हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवून. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये छापली गेली तेव्हा आपण चकित झालो. ओवीला आपण आत घेतले, कारण ती शब्दांची होती. जात्याशेजारी त्याच बाईने त्याच हाताने जे शिवले, त्याला शब्द नव्हते, म्हणून ते बाहेर राहिले. त्याची परिभाषा तरी शब्दांचीच आहे ना? दंड, काठ, पदर, अस्तर, धावदोरा, कच्चा टाका, हा शब्दसंग्रह मराठीचा नाही तर कोणाचा?

हा प्रश्न मला आज विचारावासा वाटतो, कारण तो योग्य वेळी मी विचारला नाही. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या संशोधन प्रकल्पासाठी विषय आणला होता : गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांची परिभाषा आणि शिवताना त्या जे सांगतात ते कथन. तिची आई मजुरीने गोधड्या शिवते. मुलीने शब्दांची यादीही केली होती, सुवाच्य अक्षरात, आईने उच्चारले तसे. समितीत एक जण म्हणाले, ‘हे गृहविज्ञान विभागाकडे पाठवा.’ पुन्हा सगळे हसले. मी त्या समितीत होते. मी हसले नाही, पण बोललेही नाही. मुलीने विषय बदलला. एका मान्यवर कादंबरीतील स्त्रीप्रतिमांवर तिने चाळीस पाने लिहिली. ती बरी होती, आणि तशी चाळीस पाने आमच्या ग्रंथालयात आधीच पुष्कळ आहेत.

गोधडीला साहित्य म्हणा, असा माझा आग्रह नाही. त्या नावाने तिचे काही वाढत नाही. मागणी दोनच आहेत. गोधडी ही शिवी म्हणून वापरण्यापूर्वी एक गोधडी उलटून, अस्तराच्या बाजूने पाहा. आणि अशी यादी घेऊन कोणी मुलगी दारात आली, तर तिला दुसऱ्या विभागाचा रस्ता दाखवू नका. ती यादी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. या वर्षी तिच्या धाकट्या बहिणीने आमच्याकडे प्रवेश घेतला आहे. यादी तिच्या हाती देताना, मागच्या वर्षी मी गप्प बसले होते, हेही तिला सांगावे लागेल.