यादीबाहेरच्यांची महामारी

विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही, हे वाक्य २०२० च्या उन्हाळ्यात सगळीकडे ऐकू येत होते. जीवशास्त्रापुरते ते खरे, पण समाजापुरते साफ खोटे. मुंबईने तर शंभर वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या साथी पाहिल्या आणि दोन्हींचे आकडे शिल्लक आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत या शहरातल्या युरोपियनांमध्ये दर हजारी मृत्यूचे प्रमाण ८ च्या आसपास होते, पारशांमध्ये ९, सवर्ण हिंदूंमध्ये सुमारे १९. आणि सरकारी दप्तरात ज्यांची नोंद खालच्या जातींचे हिंदू म्हणून झाली, त्यांच्यात ६१ हून अधिक. तेव्हा या रोगावर ना लस होती ना औषध, त्यामुळे डॉक्टर कोणाला मिळाला यावर फारसे काही अवलंबून नव्हते. एका खोलीत माणसे किती, पोटात अन्न किती आणि ताप आल्यावर चार दिवस घरी पडून राहणे परवडते का, यावर जगणे-मरणे ठरत होते. शंभर वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला दिसला, तर त्याच प्रभागांतल्या इमारतींत १६ टक्के लोकांना. सार्वजनिक शौचालये हे या तफावतीचे एक कारण असावे, असे पाहणी करणाऱ्यांनीच नोंदवले. पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहायचे, आधीच्या वीस जणांनी ओढलेली कडी आपण ओढायची, तोच नळ उघडायचा. ज्यांच्या दिवसाची सुरुवातच अशी होते, त्यांना ‘अंतर पाळा, हात धुवा’ ही सूचना देताना घर आणि पाणी यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. झोपडपट्टीत संसर्ग जास्त झाला, पण त्या मानाने मृत्यू कमी झाले. दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीला तर मुंबईतले बहुतेक रुग्ण इमारतींमधले होते. मग विषमता कुठे आहे? यातली माहिती खरी आहे. झोपडपट्टीतली वस्ती तुलनेने तरुण होती आणि पहिल्याच लाटेत मोठ्या संख्येने बाधित झाल्याने पुढे तिला काहीसे संरक्षण मिळाले असणेही शक्य आहे. पण मृत्यूची नोंद होण्यासाठीसुद्धा चाचणी, रुग्णालय आणि प्रमाणपत्र या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात साथीमुळे सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मांडला. सरकारी आकडा त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाचा होता आणि केंद्र सरकारने संघटनेचा अंदाज फेटाळला. नेमका आकडा कोणता, हा वाद बाजूला ठेवला तरी ज्यांची चाचणीच झाली नाही त्यांचे मरण साथीच्या खात्यात जमा झाले नाही, हे उघड आहे. पुढे वारसांना ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळण्याची वेळ आली, तेव्हा पहिली मागणी कोविडमुळे मृत्यू झाल्याच्या कागदाचीच झाली. शिवाय महामारीने केलेली हानी केवळ मृत्यूंनी मोजली तर तिचा मोठा भाग हिशेबाबाहेर राहतो. रोग तीन आठवड्यांत बरा होतो. गेलेला रोजगार, सुटलेली शाळा आणि अंगावर बसलेले सावकाराचे कर्ज मात्र वर्षानुवर्षे फिटत नाही.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ती लागू झाली. ज्यांचा पगार बँकेत जमा होतो आणि ज्यांचे काम संगणकावर होते, त्यांच्यासाठी ती गैरसोय होती. ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्यांचे उत्पन्न त्या रात्री शून्यावर आले. एप्रिल २०२० पर्यंत झालेली रोजगारातली घट उच्च जातींच्या तुलनेत अनुसूचित जातींमध्ये तिपटीच्या आसपास होती, असे अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेवारीवरून दाखवले. कारण गूढ नाही. रोजंदारीवर, कराराविना, हातावर पोट असलेल्या कामांत कोण आहे, हे आपल्याकडे जातीने आधीच ठरवून ठेवलेले असते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अहवालानुसार २०२० च्या अखेरपर्यंत ४७ टक्के कामकरी स्त्रियांचा रोजगार कायमचा सुटला होता. पुरुषांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर लाखाहून अधिक ऊसतोड मजूर हंगाम सरत आलेला असताना पाचटाच्या कोप्यांत अडकून पडले. बीड-नगरकडे परतण्याची परवानगी त्यांना एप्रिलच्या मध्यावर मिळाली. आणि ८ मे रोजी पहाटे, औरंगाबादजवळ करमाडच्या पट्ट्यात, जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून पायी निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर त्यांच्या चपला आणि पोळ्या विखुरल्या होत्या. श्रमिक विशेष गाड्या १ मेपासूनच सुरू झालेल्या होत्या. पण त्यांत बसायचे तर नाव नोंदवणे आणि परवानगी मिळणे आवश्यक होते.

या नोंदणीकडे नीट पाहायला हवे, कारण साथीने विषमता वाढवली ती सर्वांत जास्त इथे. सरकारने काहीच केले नाही असे कोणी म्हणू नये. दिलासा दिला गेला, पण तो यादीतल्यांना दिला गेला. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने दुसऱ्या लाटेतल्या निर्बंधांसोबत मदत जाहीर केली. नोंदणीकृत बांधकाम कामगारांना, नोंदणीकृत घरकामगारांना, अधिकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये. प्रत्येक गटाच्या आधी लागलेले विशेषण वाचावे. बांधकाम कामगार म्हणून नोंद व्हायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. सकाळी नाक्यावर उभा राहून आज या मुकादमाकडे आणि उद्या त्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या मजुराला ९० दिवसांचा कागद कोण लिहून देणार? रिक्षाचा परवाना मालकाच्या नावावर असतो आणि दिवसपाळी-रात्रपाळीत ती भाड्याने चालवणाऱ्याकडे असतो फक्त चालकाचा बिल्ला. धंदा बुडाला तो त्याचा. घरकामगारांसाठीचा कायदा महाराष्ट्राने २००८ मध्येच केला ही अभिमानाची गोष्ट, पण चार घरची भांडी घासणाऱ्या बाईने ‘ही माझ्याकडे काम करते’ असे मालकिणीकडून लिहून आणायचे आणि नोंदणीचे नूतनीकरणही करत राहायचे, ही अपेक्षा किती जणींना झेपणार होती? म्हणजे ज्यांची मजुरी सर्वांत अनिश्चित, त्यांच्या हातात कागद सर्वांत कमी, आणि मदत कागदावर. साथ येण्याआधी नोंदीत असलेला आणि नसलेला मजूर एकाच वस्तीत, जवळजवळ सारख्याच कमाईवर जगत होते. साथीनंतर त्यांच्यात एक नवी दरी पडली होती.

रेशनची गोष्टही वेगळी नव्हती. एप्रिल २०२० पासून माणशी पाच किलो जादा धान्य मोफत मिळाले आणि त्याने कोट्यवधी घरे उपासमारीतून वाचली, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे. पण अन्न सुरक्षा कायद्याचा कोटा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर जन्मलेली, लग्न होऊन वेगळी झालेली, शहरात आलेली माणसे त्यात बसवायची तर कोणाचे तरी नाव कमी व्हावे लागते. ज्यांना गावच नाही आणि जन्माचा दाखलाही नाही, अशा भटक्या-विमुक्तांच्या पालांवर तर रेशनकार्डाचा प्रश्न साथीच्या कितीतरी आधीपासून लोंबकळत होता. लसीकरणातही तेच घडले. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी फक्त ऑनलाइन ठेवण्यात आली. खासगी रुग्णालयांसाठी एक चतुर्थांश साठा राखला गेला आणि तिथे कोव्हिशील्डची मात्रा पुढे ७८० रुपयांपर्यंत गेली. स्मार्टफोन, वेगवान इंटरनेट आणि इंग्रजी संकेतस्थळाची सवय असलेल्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रावरच्या वेळाही पटकावल्या. या डिजिटल दरीवर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवल्यानंतर जूनमध्ये धोरण बदलले. शिक्षणात मात्र अशी दुरुस्ती वेळेवर झालीच नाही. मुंबईतले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ पर्यंत बंद होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आदींनी महाराष्ट्रासह १५ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांमध्ये केलेल्या पाहणीत, ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ८ टक्के आढळली. दलित-आदिवासी मुलांमध्ये हे प्रमाण ४ टक्के होते. घरात फोन एक, तो घेऊन वडील कामावर गेलेले आणि शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲपवर, ही लाखो घरांतली स्थिती होती. दुसरीत असताना घरी बसलेले मूल शाळा उघडली तेव्हा चौथीत होते आणि जोडाक्षरे विसरले होते. त्या मुलासाठी साथ अजून संपलेली नाही.

इथे प्रशासनाच्या बाजूचा युक्तिवाद असा असतो की यादीशिवाय मदत वाटली तर गळती होते, बोगस नावे घुसतात, खऱ्या गरजूचाच वाटा जातो. सार्वजनिक पैशाचा हिशेब लागला पाहिजे, यात वाद नाही. तरीही साथीच्या काळात दोन चुकांची तुलना करावी लागते. नको त्याला पाच किलो तांदूळ गेले ही एक चूक आणि हवे त्याला ते मिळाले नाहीत म्हणून तो भर उन्हात चालत निघाला ही दुसरी. पहिलीचे नुकसान पैशांत भरून काढता येते. आणि यादीवाचून काम होत नाही, हे म्हणणे महाराष्ट्रानेच खोटे ठरवले आहे. अडीच चौरस किलोमीटरही नसलेल्या धारावीत साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती, आणि त्यातले बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालये वापरणारे. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा हाहाकाराची भाकिते झाली. महापालिकेच्या जी-उत्तर प्रभागाने रुग्ण येण्याची वाट न पाहता दारोदार तपासणी केली, वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतले, शाळा आणि क्रीडा संकुल विलगीकरणासाठी ताब्यात घेतले, शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली आणि अलग ठेवलेल्यांच्या जेवणाची सोय केली. दारात उभ्या असलेल्या आरोग्यसेविकेने रेशनकार्ड मागितले नाही, भाडेकरू की मालक हे विचारले नाही. फक्त श्वास आणि ताप मोजला. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी या कामाचा गौरवाने उल्लेख केला. हे काम ज्यांच्या पायांवर झाले, त्या आरोग्यसेविकांचे पुढे काय झाले, हेही याच हिशेबात धरायला हवे. ग्रामीण भागात तेच काम करणाऱ्या राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा सेविकांना कोविडच्या कामापोटी केंद्राकडून महिना १,००० रुपये मिळत होते आणि जून २०२१ मध्ये त्यांना संपावर जावे लागले.

आता ई-श्रम संकेतस्थळावर असंघटित कामगारांची नोंद झाली आहे, तेव्हा पुढच्या वेळी हा प्रश्न राहणार नाही, असेही म्हटले जाते. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांत आहे. २०२३ मध्ये ई-श्रमवर २८ कोटींहून अधिक कामगार नोंदले गेले होते आणि त्यांतले सुमारे ८ कोटी रेशनकार्डाविना होते. न्यायालयाने त्यांना कार्ड देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. पुढल्या वर्षी त्याच आदेशाची आठवण करून द्यावी लागली. म्हणजे सरकारला ही माणसे आता माहीत आहेत, त्यांचे आधार क्रमांक आणि फोन क्रमांकही माहीत आहेत, आणि तरीही त्यांचा धान्यावरचा हक्क सिद्ध झालेला नाही. २०२१ मध्ये व्हायची जनगणना लांबली आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. तिचे आकडे हाती येईपर्यंत थांबायचे कारण नाही. अन्न सुरक्षेचा कोटा लोकसंख्येच्या अधिकृत अंदाजांवर आजच वाढवता येतो. बांधकाम कामगार मंडळाची ९० दिवसांच्या प्रमाणपत्राची अट नाका कामगारांसाठी वस्तीतल्या पडताळणीने बदलता येते. रिक्षाचालकाची मदत परवान्याऐवजी बिल्ल्यावर देता येते. यांतल्या कशालाही नवे संशोधन लागत नाही.

याहून मोठी उणीव कायद्यात आहे. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हा, फेब्रुवारी १८९७ मध्ये, साथरोग कायदा झाला. त्याच्या पुढच्याच महिन्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. त्या कायद्याने सरकारला तपासण्याचा, अडवण्याचा, वेगळे ठेवण्याचा आणि शिक्षा करण्याचा अधिकार दिला. ज्याला अडवले त्याच्या पोटाचे काय, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. २०२० मध्येही त्याच कायद्याच्या आधारे राज्यांनी आदेश काढले. त्या वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ले रोखण्यासाठी त्यात योग्य ती दुरुस्ती झाली, मात्र मजुराच्या बाजूने काही जोडले गेले नाही. ते जोडण्याची ही वेळ आहे. संचारबंदीचा कोणताही आदेश काढताना, ज्या दिवसापासून तो लागू होईल त्या दिवसापासून प्रत्येक वस्तीत कार्डाविना धान्य, परतू इच्छिणाऱ्याला वाहन आणि रोजंदारीवरच्या घराला किमान वेतनाशी निगडित भत्ता देण्याचे बंधन सरकारवर असले पाहिजे, आणि ते न पाळल्यास न्यायालयात दाद मागण्याचा हक्क त्या घराला असला पाहिजे. केंद्र त्यासाठी तयार नसेल तर सार्वजनिक आरोग्य हा राज्यांच्या सूचीतला विषय आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने येत्या अधिवेशनात असे विधेयक स्वतः आणावे.